तोंडावरची बोटं

पद्मजा वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा हातातला फोन अजून गरम होता. आत पहिलीचा वर्ग बसलेला. हाताची घडी, तोंडावर बोट. एकही मूल हलत नव्हतं. खिडकीतून आलेल्या उन्हात फक्त धूळ फिरत होती. मग मधल्या ओळीत फरशीवर तिला ओल दिसली. कुणाची तरी पाण्याची बाटली कलंडली असेल, असं आधी वाटलं. ओल पुढच्या मुलाच्या दप्तरापर्यंत गेली होती आणि तिच्या मधोमध अवंतिका बसली होती. ताठ, बोट ओठांवर, डोळे फळ्याकडे. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. पद्मजाला कळलं ते वासावरून, आणि कळल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कारण वर्गातलं कुणी हसत नव्हतं. पहिलीतली मुलं अशा वेळी हसतात. नाक दाबतात, ‘बाई, हिनं बघा’ म्हणून ओरडतात. इतक्या वर्षांत हसणारी मुलं तिनं किती वेळा गप्प केली होती. आज ती सगळी गंभीरपणे बसली होती. कपाटातला जुना फ्रॉक काढून तिनं अवंतिकाला मागच्या खोलीत नेऊन घातला. पोरीचे पाय गार पडले होते. परत येऊन तिनं पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला घेतली. निम्मी पुसून झाल्यावर मान वर केली, तर सगळी बोटं अजून ओठांवर होती. तिनं काढा म्हटलंच नव्हतं. बाहेर जाताना ती लावायला सांगून गेली होती, फोनला रेंज नाही म्हणून व्हरांड्यात, तिथून फाटकापाशी, तिथून मुख्याध्यापकांच्या रिकाम्या खोलीत. बोलणं लांबलं होतं. मधली सुट्टी होऊन गेली होती. मैदानावरचा गलका बोलता बोलता तिच्या कानावर पडत होता, आणि त्या गलक्यात आपला वर्ग नाही हे तिला ऐकू आलं नव्हतं.

“बोटं काढा,” ती म्हणाली. बोटं खाली आली. दोघातिघांच्या वरच्या ओठावर नखाची चंद्रकोर उमटली होती.

शेजारच्या वर्गावरची शिक्षिका दारातून डोकावून म्हणाली, “काय शांत असतो हो तुमचा वर्ग! मी आमच्या पोरांना म्हटलं, जरा त्यांच्याकडं बघा.” पद्मजाच्या हातात ओलं फडकं होतं ते तिला दिसलं नाही, किंवा दिसून तिनं दाखवलं नाही. अवंतिकाची आजी बाळाबाई शाळेच्या मागेच राहायची. तिला निरोप गेला तशी ती शेणाचे हात पुसत आली. पद्मजानं सगळं सांगितलं. काही न वगळता सांगितलं. आता ही बाई गडमुडशिंगी गावाच्या भर रस्त्यावर ऐकू जाईल अशी बोलणार, असं तिला वाटलं, आणि ते तिला हवंही होतं. बाळाबाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “मी इचारलं न्हवं आत्ता हिला. का गं, सांगायचं न्हाईस व्हय? तर म्हनत्या, बाईंनी बोट काडाय सांगितलं न्हाई.” आणि ती हसली. “लई मानत्यात बाई तुमास्नी. घरात माजं तर एक ऐकंल तर शपत. असाच धाक पायजे बगा.” पोरीला कडेवर घेऊन ती निघून गेली. कडेवरून अवंतिका मागे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. आपण बरोबर वागलो का, एवढंच ती विचारत होती, आणि पद्मजाला त्या नजरेला मान हलवून हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना.

दुपारी धैर्यशीलची गाडी फाटकाशी आली. शिक्षक संघटनेचा हा सरचिटणीस मूळचा बिद्रीचा. बोलायला मोकळा, छातीनं रुंद, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाची शाळा, घर आणि दुखणं तोंडपाठ असलेला. “बसा अध्यक्ष!” तो म्हणाला. “अजून झालेली नाही,” ती म्हणाली. “तासाभराचा तर प्रश्न हाय. आता तुमाला वाकून नमस्कार करायची प्रॅक्टिस करतोय.” उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. गाडी त्यांच्यामागे रांगत होती आणि काचेवर पाचटाचे तुकडे येऊन चिकटत होते. धैर्यशीलनं सगळं पुन्हा एकदा सांगितलं, सकाळी फोनवर सांगितलं तेच. कमी पटाच्या शाळा बंद करून खालच्या गावात एकच मोठी शाळा करायची, असं वरून ठरत आलंय. संघटनेनं विरोध केला तरी ते होणार. मग विरोध करण्यापेक्षा ठराव करायचा, की आमची हरकत नाही, फक्त त्या शाळांवरच्या शिक्षकांना तालुक्यातच, सोयीच्या गावी जागा द्या. शिक्षणाधिकारी साहेब तयार आहेत. पण ठराव एकमुखानं झाला पाहिजे, गडबड दिसली की ते हात आखडता घेणार. “म्हणून आजच्या सभेत चर्चा न्हाई ठेवली. ठराव वाचायचा, टाळ्या वाजवायच्या, लगेच अध्यक्षपदाला तुमचं नाव. दोन्ही गटांना तुमीच चालताय. दुसऱ्या कुणाचं नाव आलं की संघटना फुटली म्हणून समजा.” ती बाहेर बघत होती. “आणि कुणी बोलायला उठलं तर?” धैर्यशील मोठ्यानं हसला. “तर तुमी हाईसा की! तुमचं ते बोट म्हंजे आमची अख्खी फौज.”

ते बोट. दोन वर्षांपूर्वीचा तो मोर्चा तिला स्वतःच्या आठवणीपेक्षा वर्तमानपत्रातल्या फोटोतून जास्त आठवतो. महिला आघाडी म्हणून तिला टेम्पोवर उभं केलं होतं. स्टेजवर फुलदाणी ठेवावी तसं. पुढची माणसं बोलत होती, ती उन्हात पदर धरून उभी. मग माइक बंद पडला, मागच्यांना वाटलं पुढं काहीतरी झालं, रेटा आला, फाटकाशी कुणाचा तरी चष्मा फुटला आणि पोलिसांच्या ओळीतला एक कोवळा पोरगा काठी घट्ट धरून मागे सरकला. त्याचा चेहरा तिला फार जवळून दिसला. आपल्याच हाताखालून गेल्यासारखा चेहरा. घाबरलेलं मूल काहीही करतं, हे तिला माहीत होतं. पुढं जे केलं ते तिनं विचार करून केलं नव्हतं. पोटातून, वर्गात येतो तसा, तिचा आवाज आला: “हाताची घडी, तोंडावर बोट!” आणि जिल्हाधिकारी कचेरीपुढचे ते सगळे शिक्षक, पांढऱ्या केसांचे, पोटं सुटलेले, तंबाखूचा बार भरलेले, झटक्यात गप्प झाले. हातांच्या घड्या झाल्या. बोटं ओठांवर गेली. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं ते आधी त्यांच्या स्वतःच्या अंगात कधीतरी शिरलेलं होतं, ते तसंच आत बसून होतं. क्षणभरानं सगळे हसत सुटले. पोलिसही हसले. दुसऱ्या दिवशी फोटो आला, आणि त्या फोटोपासून ती बोटवाल्या बाई झाली. सभा, मेळावे, सत्कार. कुठंही गोंधळ झाला की माइक तिच्याकडे यायचा. पहिल्यांदा लोक हसून गप्प व्हायचे. पुढंपुढं हसण्याआधीच गप्प व्हायचे. तिला ते आवडलं होतं. हे ती आता उचगावच्या पुलाखालून जाताना स्वतःशी स्पष्ट म्हणाली. आवडलं होतं. एवढी मोठी माणसं आपल्या एका वाक्यानं शांत होतात तेव्हा अंगातून काहीतरी ऊबदार फिरतं, चांगला चहा प्याल्यासारखं, आणि ते पुन्हा हवंसं वाटतं.

आणि संघटनेनं वाईट काय केलं होतं? मंगळवार पेठेतल्या घरी अप्पा, तिचे वडील, आता कानांनी गेलेले, दुपारभर खिडकीशी बसून असतात. तेही मास्तर होते. एका सभापतीच्या भाच्याला नापास केलं म्हणून त्यांची बदली डोंगरात झाली, आई आजारी असताना, आणि त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. शनिवारी रात्रीच्या गाडीनं येणारे अप्पा, धुळीनं भुरे झालेले, आणि आईच्या उशाशी बसून त्यांनी काहीही न बोलणं, हे तिच्या लहानपणातलं सगळ्यात मोठा आवाज असलेलं दृश्य होतं. म्हणून ती संघटनेत आली. अंगावर पिणारं मूल असलेल्या किती बायकांना तिनं आणि याच धैर्यशीलनं घराजवळ आणलं होतं. त्या बायका वाटेत भेटल्या की तिचा हात हातात घेतात. आज सकाळी निघताना अप्पांनी विचारलं होतं, “अध्यक्ष झालीस की वर्ग सुटणार का तुझा?” “नाही अप्पा, नावाला राहील.” त्यांना ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, “पहिलीचा वर्ग सोडू नकोस. तिथं मूल तुझ्यादेखत बोलायला लागतं.” तिनं चपला घातल्या आणि ती निघाली होती.

बोलायला लागतं. तिची पहिली नेमणूक गगनबावड्याकडच्या डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर होती. एक खोली, चार इयत्ता, बोटांवर मोजता येतील एवढी मुलं. त्यांतला जोतीराम बोलायचा नाही. मुका नव्हता. शाळा सुटली की उतारावरून म्हशींना अशी हाळी घालायचा की समोरच्या डोंगरातून ती परत यायची. पण खोलीत आला की ओठ शिवलेले. ती तेव्हा नवी होती, वेळ भरपूर होता, संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं. तिनं त्याला विचारणं सोडून दिलं. रोज थोडा वेळ ती त्याच्याजवळ नुसती बसायची. पावसाळा गेला, थंडी गेली. करवंदं पिकायच्या सुमाराला एके दिवशी तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “आमची म्हस व्याली.” एवढंच. त्या संध्याकाळी ती खोलीच्या पायरीवर बसून रडली होती, आणि त्यानंतर तिला आयुष्यात जे जे मिळालं त्यात त्या वाक्याच्या तोडीचं काही नव्हतं. कधीतरी हे कुणाला सांगावं असं तिला वाटायचं; सत्काराच्या भाषणात ते सांगता यायचं नाही, टाळ्यांसाठी ते फार लहान होतं. त्या वाड्यावर अजून शाळा आहे. ठरावातल्या बंद करायच्या शाळांत तीही आहे. हे ती गेले आठ दिवस जाणून होती. फक्त जाणून होती, जसं घरात कुणीतरी आजारी आहे हे माणूस कामावर असताना जाणून असतं.

“काय ओ, एवढ्या गप्प?” धैर्यशील म्हणाला. “पोटात गोळा आला काय? व्हतंय पहिल्यांदा.”

“आज वर्गात एका मुलीनं कपडे ओले केले,” ती म्हणाली.

“करत्यात की. पहिलीतलीच न्हवं?” आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो सावकाश म्हणाला, “मॅडम, मी वाईट माणूस न्हाई. वाडीवर पोस्टिंग असताना माझ्या बायकोचं पहिलं बाळ गेलंय. रस्ताच न्हवता. ह्या शाळा मला नको वाटत्यात, त्याला कारण हाय.” तिला ते माहीत नव्हतं.

सभेचा हॉल एका हायस्कूलचा होता. व्यासपीठावर खुर्च्या, खाली सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मांडी घालून. मुलांना बसवावं तसे शिक्षक आपोआप ओळीत बसले होते. पद्मजाला मधल्या खुर्चीवर बसवलं. आजच्या सभेचं अध्यक्षस्थानही तिच्याकडेच होतं, म्हणजे पुढचं सगळं सरळ होतं. कुणीतरी आणलेल्या हारांचा वास येत होता. खुर्चीची गादी मऊ होती. फडक्याचा वास हातांना अजून येतो आहे असं वाटून तिनं हात पदरात घेतले. धैर्यशीलनं ठराव वाचला, स्वच्छ आवाजात, आणि तो टाळ्यांसाठी थांबला एवढ्यात बायकांच्या ओळीतून एक मुलगी उठली. अंतरा. नुकतीच लागलेली, डोंगरातल्या वाडीवर असलेली. पद्मजा तिला ओळखत होती. बदलीसाठी ती महिन्यापूर्वी भेटून गेली होती, मांडीवर बाळ घेऊन. “मला बोलायचंय,” अंतरा म्हणाली.

“चर्चा न्हाई, बसा खाली!”

“ओ ताई, तुमचीच तर सोय चाललीया!”

“हिला कुणी फितवली बघा, कृष्णातरावांचा गट असंल!”

“आमचा गट कशाला काढतोस रे?” मागून कृष्णात उठला. दुसऱ्या गटाचा म्होरक्या. त्याच्यामागे दहाजण उठले, इकडचे उठले, सतरंज्या गोळा झाल्या, आणि त्या सगळ्यात अंतरा तोंड उघडून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण इथवर काही येत नव्हतं. धैर्यशीलनं माइक पद्मजाच्या हातात दिला. “घ्या मॅडम. करा तुमचं ते.” त्याच्या आवाजात काही कपट नव्हतं. पेटलेल्या चुलीवर पाणी ओत म्हणावं तसं तो म्हणाला. ती उभी राहिली. आणि तिनं काहीही बोलण्याच्या आधीच पुढच्या ओळी गप्प व्हायला लागल्या. चेहऱ्यांवर ओळखीचं हसू आलं. काही हातांच्या घड्या झाल्यासुद्धा. तिच्या तोंडात ते शब्द येऊन बसले होते. त्यांना चव होती, खडूसारखी कोरडी. ते म्हटले की सगळं मिटणार होतं: ठराव, हार, बदल्या, फुटणारी संघटना, अप्पांचं ते न बोलणं. अंतरानंही तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात, तिच्याही नकळत, ओठांकडे निघाला. तेवढं पद्मजाला बघवलं नाही.

“अंतरा,” ती माइकमध्ये म्हणाली, “तुम्ही बोला. बाकीच्यांनी ऐकायचंय.”

धैर्यशीलनं तिच्याकडे बघितलं. अंतरा काही फार चांगलं बोलली नाही. पद्मजाला वाटलं होतं, आता ही पोरगी सभा हलवून सोडेल. तसं काही झालं नाही. “आमच्याकडं आठ मुलं आहेत,” ती म्हणाली, मग थांबली. “मोठी शाळा खालच्या गावात होणार. मधे ओढा आहे. गाडी देणार म्हणतात. गाडी येईल की नाही मला माहीत नाही. मुलगे कदाचित जातील. मुलींना नाही पाठवणार.” पुन्हा थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, “मग तुमीच ऱ्हावा तिकडं जन्मभर!” हशा झाला. अंतरा त्या दिशेला वळली. “नाही राहणार. मलाही बदली पाहिजे. माझं बाळ लहान आहे. पण माझी बदली व्हावी म्हणून शाळा बंद करा, असं मी कसं म्हणू?” आणि पुढचं वाक्य सापडेना म्हणून ती उभीच राहिली. हॉलमध्ये खाकरण्याचे आवाज आले. कुणीतरी घड्याळ बघितलं. पद्मजा थांबली. जोतीरामजवळ बसून थांबायची तशी थांबली. पण अंतराचं संपलेलं होतं. ती खाली बसली.

“झालं समाधान?” धैर्यशील हळू म्हणाला. मग त्यानं माइक परत घेतला आणि पद्मजा खुर्चीवर बसली. आता टाळ्यांवर भागणार नव्हतं. “ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.” हॉलभर हात वर गेले. पद्मजाच्या ओळखीचे हात. त्यांत तिचा हात हातात घेणाऱ्या बायकांचेही होते, आणि त्या तिच्याकडे न बघता समोर बघत होत्या. त्यांना दोष द्यावा असं तिला वाटेना. “विरोधात?” अंतराचा हात. मागे कोपऱ्यात दोन-चार. कृष्णातनं इकडेतिकडे बघून हात खिशात घातला. पद्मजानं हात वर केला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. धैर्यशील मोजत होता. त्याची नजर तिच्यापर्यंत आली, तिच्यावरून गेली आणि पुढे सरकली.

“माझा धरला का?” तिनं विचारलं.

“खुर्चीवरच्या माणसाचा धरत न्हाईत, मॅडम.” तो तिच्याकडे झुकला. त्याचा आवाज खरोखर काकुळतीचा होता. “ठराव झालाय. कशाला उगाच? हात खाली घ्या. मी तुमचं नाव पुकारतोय आता.”

तो म्हणत होता ते खरं होतं. ठराव झाला होता. एका हातानं त्या शाळा राहणार नव्हत्या. उद्या साहेबांकडे जाऊन भांडायचं तर खुर्ची हवी, हेही खरं होतं. ती तसं स्वतःला समजावू शकली असती. गेली दोन वर्षं तिनं तेच केलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते पटलंही होतं. हात वर धरून खांदा दुखायला लागला होता. ती उठली. व्यासपीठाच्या पायऱ्या अरुंद होत्या. तिनं एका हातानं कठडा धरला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली: “बरं वाटत न्हाई काय मॅडमना?” “अगं पाणी द्या कुणीतरी.” ती बायकांच्या ओळीत आली. अंतरानं घाईनं पर्स उचलून जागा केली. सतरंजीवर बसताना गुडघे वाजले. इथून व्यासपीठ बरंच उंच दिसत होतं. धैर्यशील माइक धरून उभा होता, शेजारची खुर्ची रिकामी, आणि टेबलावर हार. तिनं हात पुन्हा वर केला. खांदा दुखत होता, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं कोपराशी आधार दिला.

“आता धरा,” ती म्हणाली.

माइकशिवाय तिचा आवाज तिथवर पोचला की नाही, कळलं नाही. शेजारची एक बाई पदर सावरून थोडी लांब सरकली. धैर्यशील अजून मोजायला लागला नव्हता.